परदेशी भुकटी आणि आपल्या म्हशींचे दूध
‘दूध महापूर योजना म्हणजे परदेशाने फुकट वाटलेली दुधाची भुकटी,’ असे यावल-रावेरकडे दूध संकलन केंद्राच्या रांगेत किटली घेऊन उभी असलेली जुनी मंडळी अजूनही सांगतात. हा समज चुकीचा आहे. देशातले दूध उत्पादन वाढवण्यासाठी १९७० मध्ये सुरू झालेल्या या योजनेसाठी (ऑपरेशन फ्लड) युरोपीय आर्थिक समुदायाकडून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल (लोण्यापासून काढलेली शुद्ध चरबी) मिळावे असे ठरले होते. मात्र ते वाटण्यासाठी नव्हते, तर मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील डेअऱ्यांत त्याचे दूध करून विकायचे आणि आलेल्या पैशातून सहकारी दूध संघ उभे करायचे, अशी ती रचना होती. फुकट वाटपाने शेतकऱ्याच्या दुधाचा भाव पडला असता, आणि योजनेचे शिल्पकार डॉ. वर्गीस कुरियन यांना नेमके तेच टाळायचे होते. आज किटलीतून मापात पडणारे दूध सरकीची ढेप खाणाऱ्या आपल्याच म्हशींचे आहे.