कर्नलमधले ड्रायव्हर काढले की पीसी सुसाट?

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की लिनक्सचा कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) स्वतः कम्पाइल करा, म्हणजे सोर्स कोडपासून बनवा, नको ते ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) काढून टाका, रॅम मोकळी होईल आणि जुना लॅपटॉप पळायला लागेल.

ऐकायला पटतं, कारण कर्नलमध्ये काय ठेवायचं ते निवडायचा मेन्यू, मेन्यूकॉन्फिग, उघडला की हजारो ऑप्शन दिसतात आणि वाटतं हे सगळं मेमरीत बसलंय. पण तसं नसतं. प्रत्येक ड्रायव्हरपुढे बहुतेक वेळा तीन पर्याय असतात, वाय म्हणजे कर्नलमध्येच, एम म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा लोड होणारी वेगळी फाइल, एन म्हणजे नकोच. उबुंटू, फेडोरा वगैरे तयार लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर एम असतात, म्हणजे फाइल डिस्कवर पडून राहते, हार्डवेअर सापडलं तरच लोड होते. मग ती काढून वाचते ती डिस्कची जागा आणि कम्पाइलचा वेळ (तो मात्र खरंच खूप वाचतो).

तपासायचं तर बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडून एमवाल्या ओळी मोजा, मग एलएसमॉड ही कमांड चालवून खरंच लोड किती झालेत ते बघा, फरक लगेच कळतो. मूळ आणि स्वतः बनवलेल्या, दोन्ही कर्नलवर मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडचे आकडेही ताडून बघा, काही एमबी इकडेतिकडे, बस.

स्पीडवर परिणाम करतात ते केएसॅनसारखे (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) डीबग ऑप्शन, आणि ते रोजच्या वापराच्या कर्नलमध्ये आधीच बंद असतात. कर्नलचा टायमर सेकंदाला २५० टिकांचा १००० केला तर प्रतिसादात थोडा फरक पडू शकतो, दुप्पट वगैरे काही नाही. आणि हो, लोकलमॉडकॉन्फिग (सध्या लोड असलेल्या मॉड्यूलवरून कॉन्फिग बनवणारी सोय) वापरणार असाल तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं जोडून ठेवा, कारण त्या क्षणी जे मॉड्यूल लोड नाही ते ही सोय सरळ उडवते.