प्रशियाचे राजे अंबरच का भेट द्यायचे?

अंबर रूम, म्हणजे रशियातल्या राजवाड्यातली अंबरने मढवलेली खोली, म्हटलं की सगळे थेट १९४१ वर उडी मारतात, नाझींनी ती कशी पळवली वगैरे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून अंबर युरोपातल्या दरबारांमध्ये राजकारणाचं काम करत होता आणि मला तोच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगडासारखी घट्ट झालेली राळ. बाल्टिक किनाऱ्यावर, विशेषतः प्रशियातल्या क्योनिग्सबर्गजवळ (आजचं रशियातलं कालिनिनग्राद), तो भरपूर मिळतो. तिथे मध्ययुगात ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेची मक्तेदारी, लाटांनी आणलेला खडा कुणी गुपचूप खिशात घातला तर फाशीसुद्धा होऊ शकायची, आणि माल जायचा ब्रुज आणि ल्युबेक या शहरांतल्या, कॅथलिकांसाठी जपमाळा बनवणाऱ्यांकडे. १५२५ ला या नाइट्सचा प्रमुख अल्ब्रेख्ट लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट होऊन प्रशियाचा ड्यूक झाला, आता प्रोटेस्टंट लोक जपमाळा कशाला घेतील, मग पेले, पेट्या, सुऱ्यांच्या मुठी, खेळाचे पट असल्या वस्तू वाढल्या आणि त्या दुसऱ्या दरबारांना जायला लागल्या. मुतखड्याने बेजार झालेल्या मार्टिन ल्युथरला, म्हणजे लुथरन पंथाच्या संस्थापकाला, अल्ब्रेख्टने पांढरा अंबर पाठवला होता, तेव्हा तो औषधी मानायचे.

सोनं-चांदी कुठलाही राजा देईल, पण एवढा अंबर फक्त प्रशियाच्या राज्यकर्त्यांकडेच, म्हणजे भेट देतादेता 'हा किनारा आमचा' हेही सांगून व्हायचं. १६७७-७८ च्या सुमाराला ब्रांडेनबुर्गच्या फ्रीडरिश विल्हेल्मने (प्रशियाचा ड्यूकही तोच) पवित्र रोमन सम्राट लिओपोल्डला चक्क अंबरचं सिंहासन दिलं!

त्याच्या मुलाने, म्हणजे पहिल्या फ्रीडरिशने, १७०१ मध्ये प्रशियाचा राजा झाल्यावर अंबरच्या भिंतींचं काम सुरू केलं, हीच पुढची अंबर रूम. नातू फ्रीडरिश विल्हेल्म पहिला मात्र पक्का काटकसरी, त्याला वेड फक्त उंच सैनिकांचं. १७१६ ला रशियाचा झार पीटर द ग्रेट भेटीला आला, स्वीडनविरुद्ध दोघांची युती होती, फ्रीडरिश विल्हेल्मने भिंतीच देऊन टाकल्या, वर एक यॉटही. पीटरने परतफेड म्हणून ५५ धिप्पाड सैनिक पाठवले, सोबत स्वतः लेथवर कातलेला हस्तिदंती पेला. माणसं अशी गिफ्ट म्हणून पाठवायची!

१७४५ मध्ये प्रशियाचा पुढचा राजा फ्रेडरिक द ग्रेटने पीटरची मुलगी, रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथला आणखी एक अंबरची चौकट पाठवली. तिने १७५५ ला सगळं सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यातल्या मोठ्या हॉलमध्ये हलवलं, तिथे अंबर पुरेना म्हणून आरसे लावून भिंती भरल्या.