७८ दिवसांची चाळण

कळंगुटच्या हॉटेलात ऑक्टोबर ते मे असे आठ महिने राबणारा कामगार घ्या. पावसाळा लागला की त्याचं काम सुटतं. पगारातून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) वर्गणी कापली जात असेल, तर तो महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेकडे वळेल. १ जुलै २०१८ रोजी सुरू झालेली ही योजना बेकारीत जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता देते, तोही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला भत्ता सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता, २०२० साली तो ५० टक्के झाला.

मूळ अट अशी होती, की काम जाण्याआधीच्या चारही वर्गणी-कालखंडांत प्रत्येकी किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. कालखंड वर्षाला दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आता हिशेब मांडा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, एकही खाडा न धरता ६१. म्हणजे १७ दिवस कमीच. २०२० मध्ये नियम सैल झाला. लगतच्या कालखंडात ७८ आणि त्याआधीच्या तिघांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस पुरेत. मेअखेर काम सुटलेल्याचा लगतचा कालखंड ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे १८२ दिवस. दोन वर्षं विमापात्र नोकरीची अट उरतेच, पण दिवसांचा अडसर गेला. माणूस तोच, घाम तोच.

अटींमागचा तर्क सर्वांना पाठ असतो: अट नसली की माणूस बसून खातो. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी महिन्याला ८० तास कामाची अट घातली. सुरुवातीला तासांची नोंद फक्त ऑनलाइन करायची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद! काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांचा विमा गेला. रोजगार वाढल्याचं अभ्यासात दिसलं नाही. उलट अट लागू असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच ती पाळत होते किंवा सवलतीला पात्र होते. गळाले ते आळशी नव्हेत, कागदात अडकलेले.

कागद का अडतो, याचं एक उत्तर तामिळनाडूच्या ऊसमळ्यांत सापडलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६४ शेतकऱ्यांना आकृत्यांची कोडी घातली होती. तेच शेतकरी ऊसतोडणीआधी, हात तंगीत असताना, कमी कोडी सोडवू शकले. पैसे आल्यावर जास्त. टंचाई डोक्यातली जागा खाते, आणि नेमक्या त्याच काळात आपण माणसाकडे प्रतिज्ञापत्र मागतो.

अटींचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये भत्ता कापण्याच्या नुसत्या इशाऱ्यानेही लोक लवकर बेकारीतून बाहेर पडले. फक्त मिळालेल्या नोकऱ्या कमी पगाराच्या निघाल्या. फिनलंडने २०१७ आणि २०१८ मध्ये उलटं करून पाहिलं. २,००० बेकारांना महिन्याला ५६० युरो, नोकरी लागली तरी चालू. काम किंचित वाढलं, मनावरचा ताण कमी झाला.

उरलेल्या अटी बदलेपर्यंत करण्याजोगं एक काम आहे. एप्रिलमध्येच विमा क्रमांकाने आपले वर्गणीचे दिवस तपासा, आधार आणि बँक खात्यावरचं नाव जुळतं का पाहा. दिवस कमी भरलेले निघाले, तर हॉटेल चालू असताना दुरुस्ती करून घेता येते. जूनमध्ये व्यवस्थापकच गावी गेलेला असतो.