मोटारसायकल चालू न होणे : विद्युत दोष

बॅटरी, फ्यूज, स्विच, वायरिंग किंवा प्रज्वलन यंत्रणा यांत बिघाड होऊन इंजिन सुरू न होण्याची अवस्था. पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकीच. ती जूनच्या पावसात रात्रभर उघड्यावर भिजली किंवा वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने धुतली, की हा प्रकार हमखास होतो. दोष बहुधा महागड्या भागात नसतो, सैल किंवा गंजलेल्या जोडात असतो.

सेल्फचे बटण दाबल्यावर काय ऐकू येते, यावर पुढचा शोध ठरतो. काहीच आवाज नसेल तर आधी किल स्विच (इंजिन बंद करणारे हँडलवरचे बटण), क्लच स्विच, साइड स्टँड आणि फ्यूज पाहावेत. ‘टकटकटक’ असा सलग आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल सैल. एकदाच ‘टक’ होऊन शांतता पसरली तर स्टार्टर रिलेचे (सेल्फच्या मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) संपर्क जळलेले असतात किंवा मोटरचे कार्बन (ब्रश) झिजलेले असतात.

मल्टिमीटरवर भरलेली बॅटरी गाडी उभी असताना सुमारे 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या खाली गेली तर ती चार्ज करावी. सेल्फ मारताना आकडा 9.5 च्याही खाली कोसळत असेल, तर एखादा सेल गेलेला असू शकतो. कसब्यातून मंडई आणि परत, एवढ्याच छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी पुरती भरतच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवून, कोरडी करून वर पेट्रोलियम जेली लावतात. वायर काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची इंजिनशी जोडणी, तपासायला मीटरच्या एका वायरचे टोक ऋण टर्मिनलवर, दुसरीचे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब.

फ्यूज जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळण्याची युक्ती फ्यूज वाचवते, वायरिंग जाळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर हँडलखाली घासलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर शोधावी.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा स्पार्क प्लग काढून त्याच्या कॅपमध्ये बसवावा आणि इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या धातूला टेकवावा. प्लगच्या भोकापासून दूरच, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळट, मंद ठिणगी कमजोर. भिजलेली कॅप पुसून वाळवली तरी अनेकदा काम होते. त्यानंतर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पल्सर कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) व सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडून हिरवा गंज पाहावा. सीडीआय बदलायचा तो सर्वांत शेवटी: नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला विद्युत भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत.

जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्या बॅटरी मेलेली असली तरी किकवर सुरू होतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक आल्यावर सर्रास झालेल्या इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना मात्र इंधन पंप व ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) यांसाठी वीज लागते. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण आली नाही, तर आधी पंपाचा फ्यूज व रिले पाहावा.

गाडी सुरू झाल्यावर इंजिनच्या मिनिटाला सुमारे 4,000 फेऱ्यांना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. कमी भरले तर स्टेटर (इंजिनातली वीज बनवणारी गुंडाळी) किंवा त्याचा जळका कपलर. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलेला, आणि नवी बॅटरीही तो उकळवून टाकतो.