टाकीतील पातळी आणि दाबाचा संकेत : ट्रान्समीटर मागवण्यापूर्वी

टाकीतील द्रवाची पातळी आपण मीटरमध्ये सांगतो. आमचा हवेवर चालणारा ट्रान्समीटर मात्र ती ३ ते १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाच्या रूपात कंट्रोलरकडे पाठवतो. मोजायच्या किमान पातळीला ३ आणि कमाल पातळीला १५ पीएसआय असा संकेत ठरलेला असून मधले १२ पीएसआय पातळीच्या सरळ प्रमाणात वाटले जातात. सुरुवात शून्याऐवजी ३ पासून होते, कारण नळी निखळली किंवा हवेचा पुरवठा बंद पडला तर काटा शून्यावर येतो आणि तो बिघाड रिकाम्या टाकीपेक्षा वेगळा ओळखता येतो.

समजा, किमान पातळी ०.४ मीटर आणि कमाल ३.४ मीटर आहे, म्हणजे स्पॅन (दोन्ही पातळ्यांमधले अंतर) ३ मीटरचा. पातळी २.५ मीटर असताना किमान पातळीच्या वर २.१ मीटर, अर्थात स्पॅनच्या ७० टक्के द्रव असतो. १२ चे ७० टक्के ८.४, त्यात ३ मिळवले की संकेत ११.४ पीएसआय येतो. उलट हिशेब करताना आधी ३ वजा करावेत, मगच १२ ने भागावे. काटा ७.५ वर दिसला की अनेक ऑपरेटर पातळी निम्म्यावर आहे असे धरतात. प्रत्यक्षात ती स्पॅनच्या साडेसदतीस टक्क्यांवरच असते आणि निम्म्याचा संकेत ९ पीएसआय असतो.

नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीतील ग्राहकांनी घनतेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण टाकीच्या तळाशी बसवलेले उपकरण उंची नव्हे, तर वरच्या द्रवस्तंभाचा दाब मोजत असते. एक मीटर पाण्याचा दाब ९.८१ किलोपास्कल असतो, तर तेवढ्याच उंचीच्या ९८ टक्के गंधकाम्लाचा सुमारे १८ किलोपास्कल. त्यामुळे पाण्यावर कॅलिब्रेट केलेले उपकरण एक मीटर आम्लाला १.८४ मीटर दाखवील. ट्रान्समीटर टाकीच्या नोझलपेक्षा (नळी जोडायच्या तोंडापेक्षा) खाली बसवल्यास मधल्या भरलेल्या नळीचा कायमचा दाबही झीरो (किमान पातळीचा ३ पीएसआयचा बिंदू) लावताना वजा करावा लागतो.

आडव्या गोल टाकीत संकेत उंचीशी सरळ प्रमाणात राहतो, साठ्याशी नाही : उंची पाव असताना साठा, टाकीची टोके सपाट धरल्यास, साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपासच असतो. लिटरचा हिशेब हवा असल्यास टाकीचा स्वतंत्र तक्ता करावा लागेल.

मागणी नोंदवताना द्रवाचे नाव, कामाच्या तापमानाला असणारी घनता, दोन्ही पातळ्या, नोझलपासून ट्रान्समीटरचे उभे अंतर आणि टाकी उघडी आहे की बंद, एवढे अवश्य कळवावे. बंद टाकीत द्रवावरील वायूचा दाबही मोजणीत मिसळतो, म्हणून तेथे दोन जोडण्यांचा, दाबातील फरक मोजणारा ट्रान्समीटर द्यावा लागतो.