हळू पळण्याची पार्श्वभूमी आणि २२० चा घोळ

हळू पळा, धाप लागू देऊ नका, पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. हा सल्ला आज नाशिकच्या कुठल्याही जॉगिंग ट्रॅकवर कानावर पडतो. मनगटावर घड्याळ असलेले त्याला ‘झोन टू’ म्हणतात, म्हणजे घड्याळाने नाडीवरून पाडलेल्या पट्ट्यांपैकी दुसरी, बाकीचे ‘आरामात पळणे’ म्हणतात. अनेकांना तो मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आलेला ताजा शोध वाटतो. प्रत्यक्षात साठ वर्षांपूर्वीच तो नीट मांडून आणि ऑलिंपिकमध्ये पडताळून झाला होता. मधल्या काळात तो मागे पडला आणि परत आला तो एका आकड्याचे बोट धरून. तो आकडा कुठून आला हे माहीत नसेल तर आजचे निम्मे वाद कळत नाहीत.

फार जुन्या काळात रेंगाळण्याचे कारण नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, त्र्यंबकहून पंढरपूरला जाणारी निवृत्तिनाथांची पालखी, वणीच्या गडावर पायी जाणारे भाविक अशी पायांची सवय या जिल्ह्याला आहेच, पण ते चालणे झाले. पळणे इथे रुजले ते शिस्तीच्या वाटेने. १९३७ पासूनची लष्करी शाळा, देवळाली-नाशिकरोडचा तोफखाना, त्र्यंबक रस्त्यावरचे पोलिस प्रशिक्षण, शाळांमधले पीटीचे तास. पळणे म्हणजे शिट्टी, स्टॉपवॉच आणि ‘अजून एक राउंड’ हे समीकरण तिथून आले. शाळेत तर पळणे ही शिक्षाच होती. उशीर झाला, मैदानाला दोन चकरा. ज्या गोष्टीची शिक्षा म्हणून ओळख झाली, ती चाळिशीत आवडीने करायची तर डोक्यातून बरेच काही पुसावे लागते.

भरतीने हे समीकरण आणखी घट्ट केले. पोलिस भरतीत पुरुषांना पूर्वी पाच किलोमीटर पळावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पळताना उमेदवार दगावले, त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणले गेले, आणि पुढे १६०० मीटर झाले. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवले तर पैकीच्या पैकी २० गुण. अंतर घटले, पण मुद्दा वेगाचाच राहिला. म्हणून भरतीची पोरे रोज सकाळी परीक्षाच देतात, तयारी करत नाहीत. रोज तेच १६०० मीटर, रोज जीव तोडून. हे त्यांना कोणी चुकीचे शिकवले असे नाही. हळू पळूनही वेळ सुधारतो, हे त्यांच्यापर्यंत पोचवायची तसदी कोणी घेतली नाही, इतकेच.

बाहेरच्या जगात हा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला. १९३० च्या दशकात दोन वाटा जवळपास एकाच वेळी निघाल्या. स्वीडनमध्ये एका प्रशिक्षकाने ‘फार्टलेक’ आणले. जंगलातल्या मऊ वाटांवर मनाला येईल तेव्हा वेग वाढवायचा, वाटेल तेव्हा सोडायचा, स्टॉपवॉच घरी ठेवायचे. त्याच दशकात जर्मनीत एक प्रशिक्षक आणि एक हृदयरोगतज्ज्ञ यांनी इंटरव्हलची पद्धत बसवली. नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत चढवायची, १२० पर्यंत उतरू द्यायची, पुन्हा पळायचे. १९३९ मध्ये त्यांच्या धावपटूने ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. युद्धानंतर याच पद्धतीचा बोलबाला झाला. कारण सरळ आहे. इंटरव्हल मोजता येतात, वहीत लिहिता येतात. जंगलातली मौज वहीत उतरत नाही.

हा तराजू पालटला तो रोममध्ये, २ सप्टेंबर १९६० ला. न्यूझीलंडच्या दोन धावपटूंनी एकाच दिवशी ८०० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदके घेतली. दोघांचा प्रशिक्षक एकच, ऑकलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. ८०० मीटरवाल्यालाही तो आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळायला लावत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा धाप न लागता. चढ आणि वेगाचे सराव त्याच्या आराखड्यात होतेच, पण ते नंतरच्या टप्प्यात. आज त्याचा दाखला देणारे हा दुसरा भाग सोयीने गाळतात.

पुढे त्याने तीच पद्धत साध्या माणसांना दिली. ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेले, पोट सुटलेले, पन्नाशी उलटलेले लोक गटाने पळू लागले. नियम एकच, बोलता येईल इतक्याच वेगाने. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉनचा एक प्रशिक्षक तिथे पाहुणा गेला. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या, सत्तरी पार केलेल्या एका म्हाताऱ्याने पळताना त्याला मागे टाकले, अशी हकिकत सांगितली जाते. परत जाऊन त्याने जॉगिंगचा प्रसार केला. बुटांची एक जगप्रसिद्ध कंपनी उभी करणाऱ्या दोघांपैकी एक तोच. इथपर्यंत कुठेही नाडीचा आकडा नाही. बोलता येणे हेच मोजमाप होते आणि ते फुकट होते.

मग १९७१ उजाडले. हृदयविकार टाळण्यासाठी व्यायाम, या विषयावरच्या एका अमेरिकी लेखात वयानुसार नाडीची कमाल मर्यादा दाखवणारा आलेख होता. आधी प्रसिद्ध झालेल्या मोजक्या अभ्यासांतले पस्तीसेक बिंदू आणि त्यांतून जाणारी अंदाजाची रेषा. त्या रेषेवरून सूत्र निघाले, २२० वजा वय. मागे कोणताही सांख्यिकी हिशेब नव्हता. २००२ मध्ये दोन संशोधकांनी सूत्राचे मूळ खणायला घेतले आणि मूळ लेखातलेच बिंदू घेऊन रीतसर रेषा काढली. उत्तर आले २१५.४ वजा वयाच्या ०.९१४७ पट, आणि चूक सुमारे २१ ठोक्यांची. म्हणजे ज्या माहितीवर सूत्र उभे असल्याचे सांगतात, त्या माहितीतूनही ते निघत नाही.

तरीही ते टिकले. तोंडी हिशेब जमतो, गोल आकडा आहे, भिंतीवरच्या तक्त्यात बसतो. जिमच्या ट्रेडमिलवर चिकटले, शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत गेले. १९८२ मध्ये फिनलंडहून छातीला पट्टा बांधून मनगटावर नाडी दाखवणारे पहिले बिनतारी उपकरण आले. अशा यंत्रांना प्रत्येकाची कमाल नाडी आधी कुठून तरी घ्यावीच लागते, आणि २२० हाताशी होता. आज कितीतरी घड्याळांत तोच मुकाट बसलेला आहे.

२००१ मध्ये ३५१ अभ्यास एकत्र करून दुसरे सूत्र मांडले गेले, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीला दोन्ही सूत्रे १८० च सांगतात, म्हणून त्या वयात फरक जाणवत नाही. पासष्टीला जुने १५५ म्हणते, नवे १६२-१६३. ज्येष्ठांना जुने सूत्र विनाकारण घाबरवते. पण नवे सूत्रही सरासरीचेच. कुठल्याही वयात दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे, आणि त्यात तब्येतीचा दोष नसतो.

आता घोळ पाहा. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बसल्या जागी नाडी ६५. जुन्या सूत्राच्या ६० ते ७० टक्क्यांनी त्याची आरामाची पट्टी १०५ ते १२२. विश्रांतीची नाडी हिशेबात घेणारी १९५७ ची फिनलंडची पद्धत लावली तर तीच पट्टी १३१ ते १४२. १९८० च्या दशकात गाजलेले ‘१८० वजा वय’ हे तिसरे सूत्र म्हणते, १३५ च्या वर जाऊ नका. माणूस एक, हृदय एक, आणि ‘हळू’ची मर्यादा १२२, १३५ किंवा १४२. नव्याने पळणाऱ्याला १२२ च्या आत राहायचे तर बहुतेक वेळा चालावेच लागते. मग तो म्हणतो, हे आपल्याला जमणारे नाही. पळणे सोडून देण्याचे हे कारण मला आळसापेक्षा मोठे वाटते.

एवढ्यावर भागत नाही. ‘झोन टू’ हे नावच दोन वेगळ्या गोष्टींना दिलेले आहे. २००० नंतर अव्वल धावपटू, सायकलपटू, स्की करणारे यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि साधारण ८० टक्के सराव हलका, २० टक्के कठीण अशी विभागणी पुढे आली. त्या अभ्यासांत तीनच झोन होते. पहिला हलका, तिसरा कठीण आणि दुसरा मधला, ज्यात हे खेळाडू फार कमी वेळ घालवत. घड्याळांत मात्र पाच झोन असतात आणि त्यांतला दुसरा हा हलका. परिणाम असा, की संशोधनाने ज्या ‘दोन’ला शक्यतो टाळले, त्याच नावाच्या झोनमध्ये राहा असे घड्याळ सांगते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. वाचणाऱ्याचे डोके मात्र गरगरते. ट्रॅकवरच्या निम्म्या चर्चांमध्ये एक जण तीन झोनचे बोलत असतो, दुसरा पाचचे, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

जपानमध्ये वेगळीच वाट धरली गेली. फुकुओकाच्या एका संशोधकाने ‘स्लो जॉगिंग’ रूढ केले. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याइतकाच. पावले छोटी, मिनिटाला १८० च्या आसपास, आणि चेहऱ्यावर हसू राहील इतकाच जोर. तिथे हसू हेच मोजमाप. ऑकलंडच्या गप्पांशी याचे नाते उघड आहे. मला विचाराल तर पळण्याच्या या साऱ्या इतिहासात सामान्य माणसाला कामाचे दोनच शोध आहेत, आणि दोन्हींना बॅटरी लागत नाही.

नाशिकमध्ये या साऱ्याचे पडसाद उशिरा आणि एकदम उमटले. २०१० मध्ये सावरपाड्याच्या मुलीने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. २०१५ मध्ये शहरातल्या दोन डॉक्टर भावांनी नऊ दिवसांच्या आत सायकलवरून अमेरिका पार केली. मॅरेथॉनचे टी-शर्ट घराघरांत पोचले. ट्रॅकवर, विशेषतः कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे आणि बोलण्यात गोल्फ क्लब असलेल्या मैदानावर, भरतीची पोरे, मिसळीआधी दहा किलोमीटर उरकणारे रविवारवाले आणि रक्तदाबाची गोळी घेऊन येणारे काका-काकू एकाच वेळी फिरू लागले. घड्याळ मात्र सगळ्यांना एकच सूत्र लावते.

यातल्या गोळीवाल्यांचा प्रश्न खरा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर, नाडी वर चढूच देत नाहीत. त्यांना घड्याळ ‘अजून जोर लावा’ म्हणते तेव्हा ते सरळसरळ चुकत असते. ऋतूचेही तसेच. निफाडकडून गारठा येतो तेव्हा जानेवारीत सकाळी ज्या वेगाला नाडी १३५ असते, त्याच वेगाला एप्रिलमध्ये ती सहज दहा ठोके वर जाते. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळते आणि घामाने अंगातले पाणी कमी होते. दम तोच, आकडा वेगळा. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना चढ-उतार लागले की तर घड्याळ दर दोन मिनिटांनी मत बदलते. त्यातही घड्याळाखालचा, नाडी मोजणारा हिरवा दिवा थंडीत आणि ढिल्या पट्ट्यामुळे चुकीचा आकडा देतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

एक वाद अजून मिटलेला नाही. ८०-२० चे प्रमाण ज्यांच्या नोंदींतून आले ते आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करणारे. त्यांना हलके ठेवणे भागच आहे, नाहीतर शरीर टिकणार नाही. आठवड्यातून तीन दिवस, तीन तास पळणाऱ्याने तेच प्रमाण पाळायचे का? एक बाजू म्हणते, इतक्या कमी वेळात सगळेच हळू पळाल तर फायदा अर्धवट राहील. २०२० च्या जागतिक आरोग्य शिफारशीतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम असे दोन्ही पर्याय आहेत, म्हणजे जोर लावला तर निम्म्या वेळात काम भागते. दुसरी बाजू म्हणते, नवख्याचे गुडघे आणि पोटऱ्या फुप्फुसांच्या मागे असतात, म्हणून पहिले काही महिने हलकेच बरे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण तो नवख्यांपुरताच. वर्षभर नियमाने पळणाऱ्याने आठवड्यातला एखादा दिवस चढावर दम काढला तर त्याला अडवण्याजोगे काही संशोधनात सापडत नाही. भरतीच्या पोरांनी याच्या उलटे करायला हवे, सहापैकी चार दिवस गप्पा मारत पळायला हवे. ते पटवणे सध्या सगळ्यात अवघड आहे, कारण त्यांच्यासमोर ५ मिनिटे १० सेकंद लिहिलेले असतात.