गुण वाढले, बिडी सुटली का? तंबाखूमुक्तीवरच्या नर्सिंग संशोधनाची पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईच्या नर्सिंग कॉलेजांत कम्युनिटी हेल्थ नर्सिंगच्या एमएस्सीला आलेल्या मुली प्रबंधाचा विषय शोधू लागल्या, की धूम्रपान आणि तंबाखू हा विषय कुणी ना कुणी घेतेच. वस्ती जवळ असते, मग ती तुर्भे असो, दिघा असो, कळवा असो की वागळे इस्टेटच्या मागच्या चाळी. बहुतेक प्रबंधांचा साचाही ठरलेला असतो. आधी तंबाखूबद्दल किती माहिती आहे याची पूर्वचाचणी, मग तक्ते दाखवून पाऊण तासाचं आरोग्यशिक्षण आणि आठवड्याभराने उत्तरचाचणी. गुण वाढलेले दिसतात, टी-टेस्ट, म्हणजे ही वाढ योगायोगाची नाही ना हे बघणारी संख्याशास्त्रीय चाचणी, लागते, प्रबंध मंजूर होतो. पण त्यातल्या किती जणांची बिडी सहा महिन्यांनी सुटलेली होती, हे त्यात सहसा सापडत नाही. मुली कामचुकार आहेत म्हणून असं होत नाही. उन्हातान्हात दारोदार फिरून त्या माहिती आणतात. हा साचा आला कुठून, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

धूम्रपानाच्या संशोधनात नर्सेस पहिल्यांदा ठळकपणे आल्या त्या उत्तरं देणाऱ्या म्हणून. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध मांडला. १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवून वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाचा, धूम्रपानावरचा गाजलेला अहवाल १९६४ चा. तोपर्यंतचा बहुतेक पुरावा पुरुषांचा होता. बायकांचं काय, याचं मोठ्या प्रमाणावरचं उत्तर नर्सेसनी दिलं. १९७६ साली फ्रँक स्पायझर यांनी सुरू केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या ११ राज्यांतल्या १,२१,७०० नर्सेस होत्या. मूळ प्रश्न गर्भनिरोधक गोळ्यांचा होता. नर्सेस निवडण्याचं कारण सरळ होतं. आजाराबद्दल, औषधाबद्दल विचारलं तर त्या नेमकं लिहितात आणि दर दोन वर्षांनी आलेला फॉर्म भरून परत पाठवतात. त्यातूनच १९८७ मध्ये दिसलं, की दिवसाला एक ते चार सिगारेटी ओढणाऱ्या बाईलाही हृदयविकाराचा धोका न ओढणारीच्या दुपटीहून जास्त असतो. 'मी काय, दोनच ओढते' या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही. जगाला एवढी माहिती देणाऱ्या या बायका त्या अभ्यासात प्रश्न ठरवणाऱ्या मात्र नव्हत्या.

आपल्याकडची वाट निराळी. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणारा भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला बीएस्सी नर्सिंग सुरू झालं. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, १९५९ मध्ये दिल्लीला नर्सिंगची पदव्युत्तर पदवी. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. पदव्युत्तर शिक्षण आलं तसा प्रबंध आला, म्हणजे नर्सने स्वतः प्रश्न मांडून उत्तर शोधायची पहिली संधी आली. पण वस्तीत काम करणाऱ्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये काय होतं? लसीकरण, गरोदर माता, कुटुंबनियोजनाचं टार्गेट. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी ही कल्पना आणली, तरी तंबाखूला रजिस्टरमध्ये रकाना मिळाला नाही. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा. त्याआधी २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला. म्हणजे कित्येक दशकं ज्या एएनएमने, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकेने, घर न् घर पाहिलं, तिला 'या घरात कोण तंबाखू खातं' हे विचारायला कुणी सांगितलंच नव्हतं. मला ही सगळ्यात मोठी चुकलेली संधी वाटते.

ते विचारलं दंतवैद्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने १९६० च्या दशकात गावोगाव फिरून तोंडं तपासली. पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी केली, ती १९७२ मध्ये छापून आली. पुढे याच परंपरेतल्या डॉ. प्रकाश गुप्ता यांनी नव्वदच्या दशकात मुंबईत मतदार यादी धरून घरोघरी पाहणी सुरू केली. वयाची अट होती ३५ वर्षं आणि त्यापुढे. हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर माहिती भरली जात होती, तीही त्या काळात. पहिल्या टप्प्यातल्या ९९,५९८ जणांपैकी ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. बायका जवळपास सगळ्या बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या, आणि पुरुषांत धूम्रपान करणारे २३.६ टक्के. पुढे मृत्यूच्या नोंदी जुळवल्यावर दिसलं, की बिडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांत १.६४ पट. त्या पाहणीतून सुरक्षारक्षक असलेल्या श्रीमंत इमारतींचे भाग वगळावे लागले होते, कारण आत जाताच येत नव्हतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आज सर्व्हे करायला जाणाऱ्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

डॉ. गुप्तांची हीलिस सेखसरिया ही सार्वजनिक आरोग्य संस्था नवी मुंबईत आहे आणि टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला. तंबाखूवरच्या भारतीय संशोधनाची दोन मोठी ठिकाणं आपल्या नर्सिंग कॉलेजांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तरी आपल्या प्रश्नावल्या बऱ्याचदा परदेशी पाठ्यपुस्तकातून येतात आणि त्यात सिगारेटच पुढे असते.

राज्याचे आकडे पाहा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. केवळ 'धूम्रपान प्रतिबंध' असा विषय घेऊन वस्तीत गेलेली विद्यार्थिनी तंबाखू वापरणाऱ्या सातजणांमागे सहांना ओलांडून पुढे जाते.

तुर्भे स्टोअरला एका विद्यार्थिनीबरोबर मी दारात बसले होते. तिने विचारलं, "मावशी, तंबाखू, बिडी, काही सवय?" मावशी म्हणाल्या, "नाही गं बाई, आमच्यात बायका नाही खात." मुलीने 'नाही'वर खूण केली. खिडकीत छोटी डबी होती, झाकणावर काळपट पूड. मी म्हटलं, "आणि मशेरी?" "ती लावते की. सकाळी उठल्यावर, मग जेवणानंतर. त्याशिवाय पोट साफ होत नाही." दिवसातून किती वेळा, असं विचारल्यावर त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सुनेकडे बघून थांबल्या. पुढचं बोलणं सून पाणी भरायला गेल्यावर झालं. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने भाजलेली मशेरी हातावर दिली होती, तेव्हापासूनची सवय. गरोदरपणातही सुटली नाही. तेव्हा सिस्टर घरी येऊन लोहाच्या गोळ्या देऊन जायच्या, याबद्दल कधी विचारलं नाही, असं त्या सहज सांगून गेल्या.

कायद्यांबद्दल फार सांगायला नको, ते ठाऊक असतात. १९७५ चा वैधानिक इशारा, २००३ चा कोटपा हा तंबाखू नियंत्रणाचा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी, २०१२ ची राज्यातली गुटखाबंदी. यांनी टपरीवरचं चित्र काही प्रमाणात बदललं. पण लागलेली सवय सोडवायला शेजारी बसणारं माणूस लागतं.

ते माणूस नर्स असेल तर फरक पडतो, याचा पुरावा आहे. डेट्रॉइटच्या नर्सिंग प्राध्यापिका व्हर्जिनिया हिल राइस यांनी नर्सेसनी दिलेल्या समुपदेशनावरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा १९९९ पासून सांभाळला. २०१७ च्या आवृत्तीत ५८ अभ्यास होते, आणि नर्सच्या मदतीने धूम्रपान सोडण्याची शक्यता २९ टक्क्यांनी वाढते असं निघालं. मला यातली अट जास्त महत्त्वाची वाटते. हा आढावा किमान सहा महिने पाठपुरावा असलेले अभ्यासच धरतो. उत्तरचाचणीचे गुण तिथे चालत नाहीत. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये मांडलेला 'रसेल निकष' आणखी कडक आहे. सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त सिगारेटी नकोत, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून खात्री करायची आणि जो पुन्हा सापडला नाही त्याला 'सोडली नाही' असं धरायचं. मशेरीला अर्थात ते श्वासाचं यंत्र लागू पडत नाही, तिथे लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, बघावं लागतं. त्याला खर्च येतो आणि विद्यार्थिनीच्या खिशातून तो होणं शक्य नाही.

आपल्या भागातही असं काम झालेलं आहे. हीलिस आणि हार्वर्डच्या ग्लोरियन सोरेन्सन यांच्या गटाने २०१२ ते २०१४ मध्ये मुंबई आणि परिसरातल्या २० कारखान्यांत कामगारांसाठी तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम चालवला. निम्म्या कारखान्यांत कार्यक्रम आधी झाला, निम्म्यांत नंतर. उत्पादन विभागातल्या कामगारांत शेवटच्या पाहणीवेळी ३० टक्क्यांनी तंबाखू सोडलेली होती, तर तुलनेच्या कारखान्यांत १७ टक्क्यांनी. वागळे इस्टेट ही राज्य औद्योगिक महामंडळाची पहिली वसाहत, ठाणे-बेलापूर पट्टा साठच्या दशकापासूनचा. इथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर थांबत आल्या आहेत. कारखान्यातल्या दवाखान्यात नर्स असते, पण ती जखमेला पट्टी बांधते, त्यापुढे तिला क्वचितच कुणी विचारतं.

आता निदान रकाना आला आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई भरतात त्या समुदाय तपासणी यादीत तंबाखूचा प्रश्न आहे. कधीच नाही तर शून्य, पूर्वी किंवा कधीमधी तर एक, रोज तर दोन गुण. धूर आणि बिनधूर दोन्ही त्यात येतात. शहापूर-मुरबाडकडच्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आणि बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेल्यांनाही त्या पदाची वाट आहे. शहरात नागरी आरोग्य केंद्राच्या एएनएम आहेत. तंबाखूच्या पाकिटावर सवय सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. माहिती दर वर्षी गोळा होते आहे, तिच्यावर नर्सिंगचं संशोधन उभं राहत नाही ते वेळापत्रकामुळे. दोन वर्षांच्या एमएस्सीत माहिती गोळा करायला काही आठवडेच मिळतात. तेवढ्यात ज्ञान मोजता येतं, सवय सुटली का हे मोजता येत नाही. त्यातच भाड्याच्या खोल्या अकरा महिन्यांनी बदलतात आणि माणसं दिघ्याहून मुंब्र्याला जातात.

यावर करता येण्यासारखं आहे. एका तुकडीने वस्तीतली पहिली नोंद आणि समुपदेशन करायचं, पुढच्या तुकडीने त्याच माणसांकडे सहा आणि बारा महिन्यांनी जायचं. मधल्या काळात लसीकरणाला जाणाऱ्या एएनएमने फक्त एक प्रश्न विचारून रजिस्टरमध्ये नोंदवायचा, मशेरीचं नाव घेऊन. प्रबंध दोघींचे स्वतंत्र, यादी एकच. त्यासाठी कॉलेजच्या नीतिसमितीने सलग परवानगी द्यायला हवी, महापालिकेच्या आरोग्य विभागाशी लेखी करार हवा आणि मार्गदर्शक बाईंनी वस्ती दर वर्षी बदलू नये.